‘स्मृतिचित्रे’तील पाळक : ख्रिस्ती पाळकीय नेतृत्वाची प्रेरणा आणि रीत

सहायक प्राध्यापक, मराठी विभाग, मौदा (जि. नागपूर)

सारांश

लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्र म्हणून सर्वमान्य आहे. त्यातील निवेदनशैली, विनोद, स्त्रीजीवन आणि धर्मांतराचा संघर्ष या अंगांनी विपुल चर्चा झाली. मात्र रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कवी आणि पती यांबरोबरच ख्रिस्ती मंडळीचे दीक्षित पाळक होते, ही बाजू त्या मानाने दुर्लक्षित राहिली. प्रस्तुत लेखात नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितलेल्या पाळकीय नेतृत्वाच्या तीन कसोट्यांच्या आधारे ‘स्मृतिचित्रे’तील टिळकांच्या व्यक्तिचित्राची चिकित्सा केली आहे. टिळकांच्या नेतृत्वाचे खरे मूल्यमापन त्यांच्या सर्वात जवळच्या व्यक्तीच्या, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या, वाढीवरूनच करता येते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : पाळक, कळप, स्वेच्छा, द्रव्यलोभ, कित्ता, देवाचा दरबार, आत्मचरित्र.

१. प्रस्तावना

नेतृत्व हा विषय आज महाविद्यालयीन अभ्यासक्रमात मुख्यतः व्यवस्थापनशास्त्राच्या दाराने येतो. नेत्याचे गुण, निर्णयक्षमता, संघबांधणी अशा शीर्षकांखाली तो शिकविला जातो. परंतु नेतृत्वाचा सर्वात जुना विचार धर्मपरंपरांनी केला आहे आणि त्या विचारात ‘नेता काय साध्य करतो’ यापेक्षा ‘नेता कशासाठी पुढे होतो आणि लोकांशी कसा वागतो’ या दोन प्रश्नांना अधिक महत्त्व आहे. पहिला प्रश्न प्रेरणेचा, दुसरा रीतीचा. मराठी संतपरंपरेने साधूची ओळख सांगताना हेच दोन प्रश्न विचारले. दुःखितांना जो आपले म्हणतो त्याच्याच ठायी देव पाहावा, ही तुकोबांची शिकवण म्हणजे धर्मक्षेत्रातील नेतृत्वाची कसोटीच होय.

ख्रिस्ती परंपरेत या विचाराला मेंढपाळाच्या प्रतिमेने आकार दिला. मराठीत त्यासाठी रूढ झालेला ‘पाळक’ हा शब्द अर्थपूर्ण आहे. पाळणे या क्रियापदात राखणे, पोसणे आणि दिलेला शब्द पाळणे असे तिन्ही अर्थ सामावलेले आहेत. या शब्दाला जागणारा पाळक कसा असतो, हे धर्मशास्त्राच्या ग्रंथातून समजते. पण तो घरात कसा असतो, पैसा हाती आला म्हणजे काय करतो, त्याच्या रागाचे काय होते, हे सांगणारे साहित्य दुर्मिळ असते. पाळकांची चरित्रे बहुधा त्यांच्या अनुयायांनी लिहिलेली असतात. मराठीचे भाग्य असे की, एका पाळकाचे चित्र त्याच्या पत्नीने, तेही कमालीच्या सरळपणाने, रेखाटून ठेवले आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व मर्यादा

(अ) ख्रिस्ती पाळकीय नेतृत्वाची संकल्पना व तिच्या कसोट्या स्पष्ट करणे.
(आ) ‘स्मृतिचित्रे’तील टिळकांचे चित्र या कसोट्यांवर तपासणे.
(इ) या चित्रात निवेदिकेचे स्थान कोणते, याचा विचार करणे.

हा अभ्यास साहित्यकृतीचा आहे. ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले, तर टिळकांचे निधन ९ मे १९१९ रोजी झाले होते. म्हणजे पतीच्या मृत्यूनंतर दीड दशकाने वाचकांपुढे आलेल्या या आठवणी आहेत. पुत्र देवदत्त यांना वडिलांच्या चरित्रासाठी साधने हवी होती आणि त्या निमित्ताने लक्ष्मीबाई लिहू लागल्या, ही पार्श्वभूमीही लक्षात घ्यावी लागते. त्यामुळे येथे जे निष्कर्ष काढले आहेत ते प्रथमतः ‘स्मृतिचित्रे’तील टिळकांविषयीचे आहेत.

३. पाळक : संकल्पना आणि कसोट्या

मेंढपाळाची प्रतिमा ख्रिस्ती धर्माने यहुदी परंपरेतून घेतली. जुन्या करारातील यहेज्केल संदेष्ट्याने आपल्या ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात इस्राएलाच्या पुढाऱ्यांना मेंढपाळ मानून त्यांची झडती घेतली आहे. कळपाची लोकर ते पांघरतात, पुष्ट मेंढरे कापून खातात. परंतु दुबळ्याला बळ देत नाहीत, जखमीला पट्टी बांधत नाहीत, हरवलेल्याचा शोध घेत नाहीत, असा त्याचा आरोप आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशूने चांगला मेंढपाळ आणि मोलकरी यांत भेद केला. लांडगा दिसताच मोलकरी पळतो, कारण मेंढरे त्याची नसतात. याच शुभवर्तमानाच्या अखेरीस पुनरुत्थित येशू पेत्राला मेंढरे चारण्याचे काम सोपवतो, पण त्यापूर्वी तीन वेळा एकच प्रश्न विचारतो : तुझे माझ्यावर प्रेम आहे काय? पेत्राची पात्रता, विद्या, वक्तृत्व यांची चौकशी होत नाही. प्रेरणेची तेवढी होते.

पेत्राच्या नावाने असलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात हा विचार सूत्ररूपाने आला आहे. आशिया मायनरमधील छळ सोसणाऱ्या मंडळ्यांच्या वडिलांना उद्देशून हा मजकूर आहे. लेखक स्वतःला त्यांच्यापेक्षा श्रेष्ठ म्हणवीत नाही. मीही तुमच्यासारखाच एक वडील, अशी सुरुवात करतो. त्यानंतर तो तीन जोड्या मांडतो. कळपाची देखरेख भाग पडते म्हणून करू नये, मनापासून करावी. ती पैशाच्या हावेने करू नये, कामाच्या ओढीने करावी. सोपविलेल्या लोकांवर धनीपण गाजवू नये, त्यांच्यापुढे कित्ता व्हावे. शेवटी मुख्य मेंढपाळ वेगळाच आहे, तो आल्यावर हिशेब होईल, याची आठवण तो देतो. कळप पाळकाच्या मालकीचा नसून त्याच्या हवाली केलेला आहे, हा या विवेचनाचा पाया होय.

या तीन जोड्यांपैकी पहिल्या दोन प्रेरणेशी आणि तिसरी रीतीशी निगडित आहे. मात्र त्यांचा परस्परसंबंधही आहे. जो नाइलाजाने काम करतो त्याला मोबदल्याची ओढ लागते आणि जो मोबदल्यासाठी काम करतो तो अधिकाराला चिकटतो. म्हणून या तीन कसोट्या एकाच वृत्तीच्या तीन बाजू मानता येतात. ‘कित्ता’ हा शब्दही मराठी मनाला जवळचा आहे. शाळेत कित्ता गिरवणारे मूल शेवटी स्वतःच्या हाताने लिहू लागते. कित्ता होणारा नेता अनुयायांना कायम आपल्या हाताखाली ठेवीत नाही, हे त्यात अभिप्रेत आहे.

४. ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मिशनकार्यात पाळकपदाचा प्रश्न प्रारंभापासून द्रव्य आणि अधिकार यांच्याशी गुंतलेला होता. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे १८३१ मध्ये सुरू झाले. हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा १८५४ मध्ये मिळाली. म्हणजे पहिले एतद्देशीय पाळक होईपर्यंत चार दशके लोटली. त्यानंतरही मिशनची तिजोरी आणि अंतिम निर्णय परदेशी मिशनरींच्या हाती राहिले. पाळक हा एकाच वेळी आपल्या मंडळीचा मेंढपाळ आणि मिशनचा पगारी सेवक होता. मेंढपाळ आणि मोलकरी यांतील शुभवर्तमानातील भेद येथे एकाच माणसाच्या आयुष्यात येऊन उभा राहिला.

आपल्या परिसराचा इतिहासही या प्रश्नावर प्रकाश टाकतो. मौद्याच्या पश्चिमेला नागपूर आणि पूर्वेला भंडारा, या दोन्ही ठिकाणी स्कॉटिश मिशनने काम केले. नागपूरच्या कामाचा आरंभ करणारे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले. १८४६ मध्ये त्यांनी शाळा उघडली. ते ज्या फ्री चर्चचे होते, त्याचा जन्मच १८४३ मध्ये साडेचारशेंहून अधिक पाळकांनी आपली पदे, घरे आणि निश्चित उत्पन्न सोडण्यातून झाला होता. मंडळीचा पाळक मंडळीनेच स्वीकारावा, जमीनदाराने लादू नये, हा त्यांचा आग्रह होता. हिस्लॉप यांनी अध्यापनाबरोबर या भागातील भूस्तर, जीवाश्म आणि गोंड समाजाची गीते यांचा अभ्यास केला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट परिसरातील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्यांचे टिपण रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या लोकांत काम करायचे त्यांची भाषा, माती आणि गाणी जाणून घेणे हाही पाळकीय रीतीचाच भाग होय. मेंढपाळाला आपली मेंढरे नावाने ठाऊक असतात, या वचनाचा तो एक अर्थ म्हणता येईल.

टिळकांचाही नागपूरशी संबंध आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ मध्ये जन्मलेले टिळक, संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराच्या कामासाठी १८९१ च्या सुमारास नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला होते. तेथून ते राजनांदगावला गेले. त्या काळातील रेल्वेप्रवासात एका युरोपीय गृहस्थाने दिलेले बायबल त्यांच्या वैचारिक परिवर्तनास कारण झाले, ही घटना सर्वश्रुत आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ‘ज्ञानोदय’ या १८४२ पासूनच्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले.

५. पहिली कसोटी : सक्ती आणि स्वेच्छा

ज्याच्या हृदयात सक्तीला जागा नाही तोच दुसऱ्याच्या स्वेच्छेचा मान राखू शकतो. या दृष्टीने ‘स्मृतिचित्रे’तील सर्वात कठीण प्रसंग म्हणजे टिळकांचा बाप्तिस्मा. ही वार्ता लक्ष्मीबाईंना घटना घडून गेल्यावर कळली. ज्या घरात सोवळ्याओवळ्याचा अतिरेक इतका की माहेरी वडील मीठसुद्धा धुऊन घेत, त्या घरात वाढलेल्या स्त्रीवर हा आघात किती मोठा असेल याची कल्पना येते. समाजाच्या दृष्टीने पती जिवंत असूनही ती एकाकी झाली. पुढील काही वर्षे तिला नातेवाइकांच्या आधाराने काढावी लागली.

येथे समीक्षकाने टिळकांना सहज सोडून देणे उचित नाही. आपल्या विवेकाला जे पटले ते करण्याचा अधिकार त्यांना होता. परंतु त्या निर्णयाची सर्वाधिक किंमत जिला मोजावी लागणार होती तिला अंधारात ठेवण्याचा अधिकार होता काय? हरवलेल्या मेंढराच्या शोधात जाणारा मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे रानात सोडतो, असा दृष्टांत आहे. टिळकांनी आपल्या शोधासाठी घरातीलच माणूस मागे सोडले, आणि ते त्यांच्या सर्वात जवळचे होते. लक्ष्मीबाई या प्रसंगाचे वर्णन करताना आरोपपत्र मांडीत नाहीत, पण दुःख लपवीतही नाहीत. त्यांच्या संयमामुळे वाचकाचा प्रश्न अधिक तीव्र होतो.

याच प्रसंगाची दुसरी बाजूही पुस्तकातच आहे. लक्ष्मीबाई पुन्हा टिळकांकडे राहावयास आल्या तेव्हा त्यांनी धर्म बदलावा अशी अट टिळकांनी घातली नाही. त्यांचे सोवळे, त्यांची वेगळी चूल, त्यांचे आचार सांभाळले जातील अशी व्यवस्था केली. मिशनच्या आवारात, नव्या धर्माचा उत्साह अंगात असताना आणि आजूबाजूच्या मंडळीची नजर घराकडे असताना हे करणे सोपे नव्हते. प्रचारकाची पत्नीच जुना धर्म पाळते, हा त्या काळी त्यांच्या कामातील दोष मानला जाऊ शकत होता. तरीही टिळक थांबले. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनात स्वतःहून उभा राहिला. उत्तरही त्यांनी स्वतः शोधले आणि मग कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निर्धार केला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. हे परिवर्तन ‘स्मृतिचित्रे’त इतक्या साध्या शब्दांत येते की त्यामागे कोणाचा हात होता हे चटकन लक्षात येत नाही. हात न घालणे हाच येथे पाळकाचा हात होता.

बालकवी ठोंबरे यांचे उदाहरण याला पूरक आहे. १९०७ च्या जळगाव कविसंमेलनात पुढे आलेला हा तरुण कवी नंतर अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पुत्रवत माया केली. धर्मप्रसारकाच्या घरी इतका काळ राहूनही बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्या कारणाने त्या घराची माया आटलीही नाही. १८९५ मध्ये पत्नीला विश्वासात न घेणारे टिळक आणि नंतरचे हे टिळक यांत अंतर आहे. पाळकाची रीत दीक्षेच्या दिवशी पूर्ण तयार नसते, ती माणसांच्या सहवासात घडते, हे या अंतरावरून दिसून येते.

६. दुसरी कसोटी : द्रव्य

‘स्मृतिचित्रे’तील विनोदाचा मोठा भाग पैशाभोवती फिरतो. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की तो त्याचा झाला. घरात उद्याची तजवीज आहे की नाही याचा विचार त्यांना सुचत नसे. तो विचार लक्ष्मीबाईंनी करायचा. निराधार मुले, विद्यार्थी, आला-गेला यांनी घर सतत भरलेले असे. अनेक समीक्षकांनी या भागाचे वर्णन ‘भोळा, लहरी कवी आणि व्यवहारी गृहिणी’ यांचा संसार असे केले आहे. हे वर्णन खोटे नाही, पण अपुरे आहे. त्यामुळे टिळकांचे औदार्य स्वभावाची गंमत ठरते आणि त्यामागील धर्मविचार दृष्टिआड होतो.

टिळकांची द्रव्याविषयीची भूमिका केवळ लहरी नव्हती, याचा पुरावा १९१७ मध्ये मिळतो. त्या वर्षी त्यांनी मिशनशी असलेला वेतनाचा संबंध संपविला आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना प्रत्यक्षात आणण्यास सुरुवात केली. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुसमाज असावा, त्याची भाषा, भजन, कीर्तन आणि राहणी या देशाची असावी, असा त्यांचा मानस होता. मिशनरी हा मायबाप आणि एतद्देशीय ख्रिस्ती हे त्याचे लेकरू, या नात्यावर त्यांनी कठोर टीका केली होती. वेतन सोडणे हा त्या टीकेचा स्वाभाविक शेवट होता. जो दुसऱ्याच्या पैशावर उभा आहे त्याला आपल्या लोकांना स्वावलंबन शिकविता येत नाही, हे त्यांनी ओळखले. पौलाने मिलेत येथे इफिसच्या वडिलांचा निरोप घेताना आपण कोणाच्या सोन्यारुप्याचा लोभ धरला नाही, स्वतःच्या हातांनी आपल्या गरजा भागविल्या, असे सांगितल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. १८४३ मधील स्कॉटिश पाळकांचा त्याग आणि १९१७ मधील टिळकांचा त्याग या एकाच सूत्रात बसतात.

परंतु येथेही निवेदिकेची नजर आपल्याला दुसरी बाजू दाखविते. पाळक द्रव्याविषयी निःस्पृह असला म्हणजे द्रव्याचा प्रश्न संपतो असे नाही. तो घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी माथी जातो. टिळक ज्या पैशाचा विचार करीत नसत त्याचा विचार लक्ष्मीबाई रात्रंदिवस करीत. निःस्पृहतेचे पुण्य एकाच्या नावे जमा होते आणि तिचा खर्च दुसऱ्याच्या नावे पडतो. संतांच्या चरित्रांतही हाच पेच आहे. तुकोबांच्या घरी आवलीने काय सोसले याची कीर्तनात बहुधा हसून वासलात लावली जाते. ‘स्मृतिचित्रे’चे मोठेपण असे की, येथे आवलीच्या जागेवरची स्त्री स्वतः बोलते, तीही हसून बोलते, पण हिशेब विसरत नाही. द्रव्यलोभ नसणे ही पाळकाची आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. आपल्या त्यागाचा भार कोण वाहतो हे पाहण्याची दृष्टीही त्याला हवी, असा या भागाचा निष्कर्ष निघतो.

७. तिसरी कसोटी : धनीपण आणि कित्ता

टिळक रागीट होते. लक्ष्मीबाईंनी त्यांचा संताप, रुसून निघून जाणे, पती-पत्नींची भांडणे यांचे मोकळे चित्रण केले आहे. तरुण वयात पत्नीला शिकवितानाही त्यांचा धीर लवकर सुटत असे. हा स्वभाव पाळकपदाला साजेसा नाही, असे कोणी म्हणू शकेल. मात्र राग आणि धनीपण या दोन गोष्टी भिन्न आहेत. शांत राहूनही माणूस धनीपण गाजवू शकतो. धनीपणाचे लक्षण असे की, त्यात दुसऱ्याची वाढ खुंटते. टिळकांच्या रागानंतर ‘स्मृतिचित्रे’त बहुधा पश्चात्ताप आणि हसू येते, आणि समोरचे माणूस दबलेले न राहता उत्तर देते. लक्ष्मीबाई आयुष्यभर टिळकांना उत्तर देत राहिल्या. ज्या घरात उत्तर देता येते त्या घरात धनीपण पूर्णपणे रुजलेले नसते.

टिळकांनी लोकांपुढे ठेवलेला कित्ता मुख्यतः भाषेचा आणि उपासनेचा होता. अमेरिकन मराठी मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग त्यांच्या आधीपासून होत होता. टिळकांनी अभंग, पदे आणि कीर्तन यांतून ख्रिस्तभक्तीला वारकरी परंपरेचा सूर दिला. तुकारामांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते म्हणत. ख्रिस्ती होण्यासाठी मराठीपण सोडावे लागत नाही, ही गोष्ट त्यांनी उपदेशाने सांगण्यापेक्षा गाऊन दाखविली. परकीय वळणाच्या उपासनेत अवघडून बसलेल्या मंडळीला आपल्या गळ्यातला सूर परत मिळणे हे पाळकाचे मोठे काम होते.

८. पद नसलेली पाळक

रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मधील निबंधात सेवक-नेतृत्वाची संकल्पना मांडली. ज्यांची सेवा केली ते लोक अधिक शहाणे, अधिक स्वतंत्र झाले काय आणि ते पुढे स्वतः सेवा करू लागले काय, हा प्रश्न त्यांनी नेतृत्वाची कसोटी मानला. पेत्राच्या ‘कित्त्या’चे हे आधुनिक रूप म्हणता येईल. ही कसोटी टिळकांना लावायची तर ती कोणावर तपासावी? ‘देवाचा दरबार’ ही संस्था टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कल्पनेप्रमाणे फोफावली नाही. संस्थेच्या यशावर मोजले तर टिळकांचे नेतृत्व अपुरे ठरते.

मात्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला दुसरा पुरावा हाताशी असतो आणि तो म्हणजे स्वतः पुस्तक. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेली, स्पृश्यास्पृश्यतेच्या कडेकोट बंधनात वाढलेली स्त्री कविता करू लागते, सभेत बोलते, कीर्तन करते, अनाथ मुलांची आई होते, टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्ण करते आणि मराठी गद्याला एक अक्षर ग्रंथ देते. याचे सर्व श्रेय टिळकांना देणे अन्यायाचे होईल. लक्ष्मीबाईंची बुद्धी, विनोद आणि चिवटपणा त्यांचा स्वतःचा होता आणि कित्येकदा तो टिळकांच्या वागण्यामुळे नव्हे तर त्याला तोंड देताना तेजाळला. तरीही त्यांची वाढ रोखली गेली नाही, तिला वाव मिळाला, एवढे श्रेय टिळकांचे आहेच.

याहून पुढे जाऊन असे म्हणावेसे वाटते की, पेत्राच्या तिन्ही कसोट्या टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंनाच अधिक पूर्णपणे लागू पडतात. टिळकांनी कळप जमविला. त्याला जेवू घातले लक्ष्मीबाईंनी. त्यांना दीक्षा नव्हती, पद नव्हते, वेतन नव्हते. जे काम अंगावर पडले ते प्रथम नाइलाजाने आणि पुढे मनापासून त्यांनी केले. यहेज्केलाने सांगितलेली कामे, म्हणजे दुबळ्याला बळ देणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, भरकटलेल्याला परत आणणे, ही त्यांच्या रोजच्या संसाराची कामे होती. मंडळीच्या दफ्तरात अशा पाळकांची नोंद नसते. ‘स्मृतिचित्रे’ने ती करून ठेवली, आणि तीही पाळकी करतो आहोत असा कोणताही आव न आणता.

९. एक आक्षेप

या मांडणीवर असा आक्षेप येऊ शकतो की, आत्मचरित्राला धर्मशास्त्राच्या कसोट्या लावणे म्हणजे साहित्यकृतीला बाहेरचे माप लावणे होय. आक्षेप विचारार्ह आहे. ‘स्मृतिचित्रे’ हे ख्रिस्ती प्रचाराचे पुस्तक नाही आणि त्याची थोरवी सर्व धर्मांच्या वाचकांनी मान्य केली आहे. परंतु ज्या माणसांचे हे चित्रण आहे ती स्वतः याच मापाने आपले आयुष्य मोजीत होती. टिळकांनी १९१७ मध्ये जे सोडले ते याच वचनांच्या आधारे. पात्रांचे अंतर्गत माप दुर्लक्षून त्यांना केवळ ‘कवी’ आणि ‘गृहिणी’ या साच्यात वाचणे हेही बाहेरचेच माप आहे. शिवाय या कसोट्या लावल्याने टिळकांचा गौरवच होतो असे नाही. त्यांच्या त्रुटी अधिक स्पष्ट होतात, हे वरील विवेचनावरून दिसून येईल.

१०. निष्कर्ष

(१) ख्रिस्ती परंपरेत पाळकीय नेतृत्वाचा विचार प्रेरणा व रीत या दोन अंगांनी झाला असून स्वेच्छा, निर्लोभता आणि कित्ता होणे या त्याच्या प्रमुख कसोट्या आहेत.

(२) ‘स्मृतिचित्रे’तील टिळक पहिल्या कसोटीवर प्रारंभी कमी पडतात; पुढे मात्र पत्नीच्या व बालकवींच्या श्रद्धास्वातंत्र्याचा मान राखून ते तिला उतरतात.

(३) द्रव्याविषयीची टिळकांची निःस्पृहता ही स्वभावाची लहर नसून विचारपूर्वक स्वीकारलेली भूमिका होती. परंतु तिचा भार लक्ष्मीबाईंनी वाहिला, हे विसरता येत नाही.

(४) टिळकांच्या नेतृत्वाचे सर्वात टिकाऊ फळ त्यांच्या संस्थेपेक्षा लक्ष्मीबाईंच्या व्यक्तिमत्त्वात व लेखनात दिसते.

(५) लक्ष्मीबाई या पद नसलेल्या पाळक होत. पाळकीय नेतृत्वाच्या अभ्यासात अशा अनौपचारिक नेतृत्वाला स्थान मिळणे आवश्यक आहे.

समारोप

हिस्लॉप यांची परंपरा आणि टिळकांची परंपरा, या दोन्ही संयुक्त मंडळीच्या मार्गाने २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये एकत्र आल्या. आता तिजोरी परदेशी मिशनच्या हाती नाही. त्यामुळे ‘मायबाप कोण’ हा टिळकांचा प्रश्न संपला असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो आता आपल्याच माणसांना विचारायचा आहे. मालमत्ता, पदे आणि निवडणुका ज्या ज्या धर्मसंस्थेत आहेत तेथे मेंढपाळ आणि मोलकरी यांतील भेद रोज नव्याने तपासावा लागतो.

हा प्रश्न शिक्षणक्षेत्रालाही परका नाही. आपणही काही जणांना शिकविण्यासाठी, काही जणांवर देखरेख ठेवण्यासाठी नेमलेले असतो. वेतन घेणे हा दोष नाही. वेतनापलीकडे त्या कामाशी आपले नाते आहे काय, आपल्या हाताखालची माणसे आपल्याला उत्तर देऊ शकतात काय आणि आपल्या कर्तृत्वाचा खर्च घरी किंवा विभागात कोण मुकाट्याने सोसत आहे, हे विचारायचे आहे. यातील शेवटचा प्रश्न पेत्राच्या पत्रात नाही. तो लक्ष्मीबाईंनी त्यात जोडला आहे, आणि पाळकीय नेतृत्वाच्या विचारात मराठी साहित्याने घातलेली ही मोलाची भर आहे.